औषधांच्या पिशव्या आणि काळजाचे ठोके

घरात कॅन्सरचा पेशंट असला म्हणजे औषधांच्या पिशव्या वाढत जातात. आपल्या वाशिम जिल्ह्यातील माणूस उपचारासाठी अकोल्याला जातो, नाहीतर नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात, आणि काही जण मुंबईच्या टाटात. तिथून एक चिठ्ठी मिळते. गावी आल्यावर खोकला-ताप आला की जवळच्या डॉक्टरची दुसरी. झोप येत नाही म्हणून तिसरी. या तिन्ही डॉक्टरांची एकमेकांशी गाठ पडत नाही. औषधांची मात्र पेशंटच्या पोटात पडते.

धरून चला, रिसोडकडील एका भावाला तोंडाचा कॅन्सर झाला आहे. (खर्र्याने विदर्भातील किती घरे पोखरली, तो विषय पुन्हा कधीतरी.) त्याला सिसप्लाटिन हे औषध सलाईनमधून देतात. त्याने उलट्या होतात आणि लघवीवाटे शरीरातले मॅग्नेशियम निघून जाते. उलट्या-जुलाबाने पोटॅशियमही घटते. उलटी थांबावी म्हणून ओन्डान्सेट्रॉन मिळते. जळजळीसाठी सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल असते, तिच्यात बरेचदा डॉमपेरिडोन मिसळलेले असते. तोंडात पांढरी बुरशी आली की फ्लुकोनॅझोल. खोकल्याला ॲझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन.

यातले एकेक औषध आपल्या जागी उपयोगाचेच आहे, आणि बहुतेकांना ते सोसते. पण काळीज प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी क्षणभर सावरते, तो वेळ ही औषधे लांबवतात. ईसीजीच्या कागदावर त्याला 'क्यूटी' म्हणतात. हे अंतर अर्ध्या सेकंदापुढे गेले की डॉक्टर सावध होतात, कारण मग ठोका मध्येच बिघडून माणूस बेशुद्ध पडू शकतो, क्वचित दगावतोही. शरीरातले क्षार घटलेले असले तर धोका आणखी वाढतो. बाया, म्हातारी माणसे आणि आधीपासून हृदयाचा आजार असलेले यांना तो जास्त. शिवाय फ्लुकोनॅझोलमुळे डॉमपेरिडोन शरीरातून लवकर निघत नाही, साचत जाते. म्हणजे गोळी एकच, परिणाम जास्तीचा.

ही भीती पोकळ नाही. पोटाच्या तक्रारीवर सर्रास दिले जाणारे सिसाप्राइड नावाचे औषध याच कारणाने भारत सरकारने 2011 साली बंद केले. ओन्डान्सेट्रॉनचा 32 मिलिग्रॅमचा एकदम द्यायचा मोठा डोसही अमेरिकेत 2012 साली बंद झाला.

म्हणून घाबरून कॅन्सरचे किंवा उलटीचे औषध आपल्या मनाने बंद करू नका. त्याने नुकसानच होईल. डॉक्टरांना एवढेच विचारा, "साहेब, या सर्व गोळ्या सोबत चालतात का? ईसीजी आणि क्षारांची रक्ततपासणी करावी लागेल का?" असे विचारायला लाजू नका. ईसीजीला पाच-दहा मिनिटे लागतात, दुखत काहीच नाही. मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक तर घेऊच नका.

पेशंटची छाती धडधडली, डोळ्यापुढे अंधारी आली किंवा तो उभ्याउभ्या पडला, तर "अशक्तपणा आहे" म्हणून ग्लुकोज पाजत बसू नये. 108 ला फोन करावा आणि सर्व औषधे सोबत न्यावी.

शाळेत जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला बसवून एका वहीत प्रत्येक गोळीचे नाव, किती मिलिग्रॅम आणि कोणत्या डॉक्टरने दिली ते लिहून घ्या. जुन्या रिकाम्या पट्ट्याही फेकू नका, त्याच पिशवीत राहू द्या.