नापास झालेल्या मुलाला जून हवा

दहावीचा निकाल लागला की नर्मदाकाठच्या मुलांबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, ‘यांना शिक्षणाची आवडच नाही, नापास होणारच.’ दुसरी समजुतीची, ‘मार्कांचं काय एवढं? मार्कांवाचून कुणाचं अडत नाही.’ पहिलं म्हणणं खोटं आहे. दुसरं घातक आहे.

मणिबेली हे सरदार सरोवरात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरं पाण्याखाली गेली. त्याच्या आधीच, सरकारी शाळा कागदावर राहिल्या म्हणून, नर्मदा बचाव आंदोलनातल्या आदिवासींनी चिमलखेडी आणि निमगव्हाणला आपल्या जीवनशाळा उभ्या केल्या. पुढे मणिबेलीतही जीवनशाळा झाली. शिकवणारे याच भागातले, पहिले धडे पोरांच्या बोलीतले. घर बुडत असताना ज्यांनी शाळा धरून ठेवली, त्यांना शिक्षणाची आवड नाही म्हणणं हा उघड अन्याय आहे. मुलं मागे पडतात ती पुढे. प्राथमिक शाळा संपली की घर सोडून आश्रमशाळेत जायचं, घरची बोली मागे ठेवून मराठीतून शिकायचं, त्यात इंग्रजीचा पेपर. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर तो दोष मुलाचा कसा?

आता ती समजूत. मार्कांवाचून अडत नाही असं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा पगार येत असतो. पोलीस भरतीला बारावी पास लागते, आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी पास. गुणपत्रिका अडली की समोर राहते ती ऊसतोड किंवा गुजरातेतली मजुरी. म्हणून निकाल विसरू नये, तो हातात घेऊन नीट वाचावा.

समजा, गणितात १०० पैकी ३१ पडले. अंतर्गत १४, लेखी दोन्ही भागांत मिळून १७. बाकी सगळे विषय सुटले. म्हणजे वर्षभराचा अभ्यास वाया गेलेला नाही, चार गुण कमी पडले आहेत. सुटलेल्या विषयांचे गुण कायम राहतात. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि कुठे चुकलं ते तिच्यात लाल शाईने दिसतं. एका-दोन विषयांत अडकलेल्याला एटीकेटीवर अकरावीत प्रवेशही मिळतो. शिवाय वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच २०१५ मध्ये दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत आली.

पण फेरपरीक्षेचा हाच काळ डोंगरात अवघड. पेरणीचे दिवस, नदीला पाणी, रस्ते खचलेले. मुलगा मे महिन्यात पाड्यावर परततो, तिथे रेंज नसते, आणि अर्जाची मुदत निघून गेल्याचं त्याला नंतर कळतं. जिद्द ठेव, खचू नकोस, हे त्याला सांगायला हवंच. पण जिद्दीने फॉर्म भरला जात नाही. अडकलेल्या मुलांसाठी आश्रमशाळेचं वसतिगृह जूनमध्ये उघडं ठेवावं, त्या एका विषयाचा एक शिक्षक तिथे रोज असावा. तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्पाने हे मनावर घेतलं तर ते होण्यासारखं आहे.

आणि आईबापांनो, पेरणीला चार हात कमी पडले तरी चालवून घ्या. निकालाच्या आठवड्यातच पोराला शाळेत पाठवा आणि फॉर्म भरल्याची पावती घेऊनच परत येऊ द्या.