सरासरीच्या आड राहिलेले राजूर

देशाचे उत्पन्न वाढले, महागाई उतरली, बेकारी घटली, अशा वार्ता वृत्तपत्रांतून नित्य येतात. राजूरच्या बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीस त्यांचा प्रत्यय येत नाही. मग आकडेच खोटे, असे म्हणून आपण मोकळे होतो. हे योग्य नव्हे. आकडा सहसा खोटा नसतो. तो कोणाचा, हे विचारावयाचे मात्र राहून जाते.

महागाईचेच पाहा. समजा, 40 रुपये किलोचा तांदूळ गतवर्षी 44 झाला व यंदा 46. पहिली वाढ शेकडा 10, दुसरी शेकडा साडेचार. महागाईचा दर निम्म्याहून खाली आला हे खरेच. पण तांदूळ स्वस्त झाला काय? मजुरी जागच्या जागी राहिली, तर घरात दाणे कमीच येणार. शिवाय 2012 हे आधारवर्ष धरलेल्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा भार शहरांसाठी शेकडा 36, तर खेड्यांसाठी शेकडा 54 होता. म्हणजे धान्य कडाडले की चटका खेड्याला अधिक. रुपयाच्या प्रश्नावरील 1923 च्या ग्रंथात डॉ. बाबासाहेबांनी रुपयाच्या क्रयशक्तीच्या स्थैर्यावर भर दिला, तो याच कारणाने.

बेकारीच्या आकड्यात तर याहून मोठी मेख आहे. चालू साप्ताहिक पद्धतीने मोजताना ज्याने सात दिवसांत एक तास जरी काम केले, तो रोजगारात धरला जातो. भाताची कापणी आटोपल्यावर मजुरीसाठी नारायणगावकडे उतरणारा व आठवड्यात दोनच दिवस काम मिळालेला मनुष्य या हिशेबात बेकार नाही! तेव्हा बेकारी किती, यासोबत काम किती दिवस व मजुरी किती, हेही विचारले पाहिजे.

जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाचीही तीच कथा. राजूरच्या जवळच प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले. त्या पाण्यावर ऊस पिकला तो मुख्यतः खाली, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे. अहिल्यानगरचा आकडा काढताना बागाईतदाराचे व डोंगरातील भूमिहीनाचे उत्पन्न एकत्र करून भागाकार होतो. भूमिहीनाच्या हाती त्यातले काही पडत नाही.

सरासरी फोडली की काय दिसते? 2022-23 च्या केंद्रीय उपभोग-खर्च पाहणीत ग्रामीण भारतातील माणशी मासिक खर्च सरासरी 3,773 रुपये निघाला. तोच अनुसूचित जमातींत 3,016, अनुसूचित जातींत 3,474, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग वगळून उरलेल्यांत 4,392. पहिला आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्यात येतो, बाकीचे कोष्टकांत पडून राहतात.

ही फोड समाजवार नोंदीमुळेच शक्य होते, म्हणून धर्मांतरित कुटुंबांना नोंदीचे महत्त्व विशेष आहे. 1990 पर्यंत बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान नव्हते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते मिळाले. आता पाहणी करणारा दाराशी आला की धर्माच्या रकान्यात बौद्ध व जातीच्या रकान्यात यादीतील आपली नोंद, अशी दोन्ही उत्तरे स्पष्ट द्यावीत आणि त्याने काय लिहिले ते वाचून दाखवावयास सांगावे.