एक रात्र रॅमसाठी

गेल्या शनिवारी भाच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. साहेबांना स्वतःच्या हाताने पीसी जोडायचाय. प्रोसेसर, बोर्ड, कॅबिनेट सगळं घरी येऊन पडलेलं, फक्त रॅम राहिली होती. ग्रँट रोड स्टेशनवरून चालता चालता त्याने फर्माईश ऐकवली: आठ-आठ जीबीच्या चार स्टिक, वेग ६०००, आणि दिवेवाल्या. "मामा, चारी स्लॉट भरले की कसलं भारी दिसतं!"

दिसतं, नाही कोण म्हणतो? पण रॅम घेताना बहुतेक लोक नेमक्या चुकीच्या गोष्टीसाठी पैसे मोजतात, असं माझं जुनं मत आहे. मत जुनं आहे कारण जखम जुनी आहे.

२०११ साली माझ्या पीसीत एकच स्टिक होती. वर्षभराने दुसऱ्या कंपनीची एक स्वस्तात मिळाली, लावली, मशीन पळायला लागलं. मी खूश. मग नवी हार्डडिस्क घेतली, सगळे फोटो तिच्यावर कॉपी केले आणि जुनी डिस्क फॉरमॅट करून टाकली. काही महिन्यांनी बाबांच्या साठीशांतीचे फोटो उघडले, तर बऱ्याच फोटोंत वरचा भाग नीट आणि खाली राखाडी पट्टे. मेमटेस्ट लावल्यावर दहा मिनिटांत लाल ओळी यायला लागल्या. कॉपी करताना प्रत्येक फाइल रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला, तर डिस्क तो चुकीचा बिटच इमानेइतबारे लिहून ठेवते. जेपेगमध्ये एक बिट बिघडला की पुढचं चित्र वाया जाऊ शकतं. मशीन मात्र कधी बंद पडलं नाही, की कुठली एरर आली नाही. बाबा आता नाहीत. ते फोटोही नाहीत.

हे माझं एकट्याचं दुर्दैव नव्हे. गूगलच्या सर्व्हरांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चुका आढळल्या होत्या. फरक इतकाच, की त्या सर्व्हरांत चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी होती. आपल्या घरच्या पीसीत सहसा ती नसते. डीडीआर५ च्या जाहिरातीत 'ऑन-डाय ईसीसी' लिहिलेलं असतं, पण ते चिपच्या पोटातल्या चुकांपुरतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्याचा पहारा नाही.

आता भाच्याच्या यादीकडे येऊ. त्याचा प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला. एएमडीच्या कागदांनुसार तो दोन स्टिक असतील तर ५२०० पर्यंत आणि चार लावल्या तर फक्त ३६०० पर्यंत चालवण्याची हमी आहे. म्हणजे चार स्लॉट भरून शोभा वाढते आणि वेग घटतो! डब्यावरचे ६००० हे बायोसमध्ये एक्स्पो प्रोफाइल चालू केलं तरच मिळतात, आणि ते ओव्हरक्लॉकिंगच असतं. शिवाय नुसता मोठा आकडा फसवा असतो. सीएल १६ ची ३२०० वाली डीडीआर४ आणि सीएल ३० ची ६००० वाली डीडीआर५, दोघींचं उत्तर द्यायला लागणारं किमान थांबणं हिशेबाने १० नॅनोसेकंदच येतं. नवी एका दमात जास्त माल वाहते, हे खरं.

२०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून "आत्ता एक घेऊ, दुसरी नंतर" हा मोह आणखी वाढलाय. मी तोच केला होता. शक्य असेल तर एकाच डब्यातली जोडी घ्या. आम्ही १६-१६ ची साधी, बिनदिव्यांची जोडी घेतली आणि बोर्डाच्या कंपनीच्या यादीत तिचा नंबर आहे ना, हे दुकानातच फोनवर पाहून घेतलं. भाच्याचं तोंड एवढंसं झालं.

बसवणं सोपं आहे. प्लग काढायचा, कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, स्टिकची खाच स्लॉटशी जुळवायची आणि दोन्ही टोकं खटका ऐकू येईपर्यंत दाबायची. दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, पण मॅन्युअल बघाच. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. डीडीआर५ चं ट्रेनिंग चाललेलं असतं. भाचा घाबरून बटण दाबायला निघाला होता, त्याचा हात धरला.

मग एक्स्पो चालू केलं आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस लावलं. फुकट आहे. त्याला त्याच रात्री गेम खेळायचा होता. मी म्हटलं, सकाळपर्यंत नाही. बराच रुसला.

सकाळी चहा घेऊन गेलो तर साहेब स्क्रीनसमोरच. चार पास, शून्य एरर. "बघ मामा, काहीच निघालं नाही. उगाच रात्र घालवलीस."

असो. ते शून्य बघायलाच तर रात्र घालवली होती. पट्ट्यांवाला एक फोटो मी अजून जपून ठेवलाय, तो दाखवला त्याला. मग तो काही बोलला नाही.