धाकाची भाषा आणि ओढीची भाषा

पोर्तुगालने दादरा व नगरहवेलीत जाण्यायेण्याच्या हक्कासाठी भारताविरुद्ध गुदरलेल्या दाव्याचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिला. निकालाचे पैलू अनेक होते; पण त्यातील एक भाग भाषेच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. १७७९ च्या पुणे तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायाधीशांपुढे होते. मराठ्यांनी ही गावे सार्वभौम हक्काने दिली, की केवळ त्यांचा वसूल लावून दिला, हा वाद होता. मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा मराठे तहात कोणते शब्द घालीत, हे न्यायालयाने त्यांच्या इतर तहांवरून पडताळले. तसे शब्द येथे नव्हते. सनदांतून दिली गेली ती सालीना बारा हजार रुपयांची जहागीर अथवा सरंजाम, असे न्यायालयाने ठरविले. पुण्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी योजिलेल्या शब्दांचा कीस हेगमध्ये पडला!

आपण परकी भाषा का शिकावी, असे सिल्वासाच्या एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला ही कथा सांगावी असे आम्हांस वाटते. आज त्याला जे उत्तर मिळते ते निराळे आहे. उत्तीर्ण व्हायचे म्हणून, कारखान्यात बरी जागा मिळावी म्हणून. या प्रदेशात २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा वा धोडिया घरातले मूल आपली बोली घेऊन शाळेत येते. तेथे गुजराती किंवा मराठी, मग हिंदी, आणि या सर्वांवर इंग्रजी. चौथ्या पायरीवर पोहोचेतो त्याचा दम गेलेला असतो, आणि तेथे त्याच्या स्वागताला उभी असते ती लाल शाईची लेखणी. पोटाचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु निव्वळ पोटाच्या जोरावर भाषा परीक्षेच्या मांडवापर्यंतच चालते.

याचा दाखला याच भूमीत आहे. येथे पोर्तुगीज ही कचेरीची भाषा होती. अर्जासाठी ती लागे, म्हणून ज्यांना लागे ते ती शिकत. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, कचेरी गेली आणि तिच्यामागोमाग भाषाही गेली. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण शेजारच्या दमणमध्ये काही ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाची एक बोली अद्याप जिवंत आहे. कोणत्याही शिरस्तेदाराने तिला जगविलेले नाही. ती घरात बोलली गेली, गाण्यांत राहिली, म्हणून टिकली.

गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी राज्यकर्त्यांची तीच पोर्तुगीज भाषा इतकी आत्मसात केली की गोव्याच्या दप्तरखान्याचे ते प्रमुख झाले. नोकरी हे निमित्त म्हणा. त्या जुन्या कागदांत मराठ्यांचा इतिहास दडला आहे, ही त्यांची खरी भूक होती; पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केलेला 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ तिचे फळ होय. धर्मानंद कोसंबी तर साखवाळहून निघाले ते मराठी मासिकात वाचलेल्या बुद्धाचा शोध घेत. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले, १९०२ साली सिंहलद्वीपी जाऊन पाली शिकले. त्या काळी पालीने कोणाला कारकुनीही मिळत नव्हती.

असे वेड लाखांत एखाद्यालाच लागते, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. कुतूहल हे मुलांत असतेच. आपण ते बक्षिसांनी आणि धाकाने मारतो. अमेरिकेतील मार्क लेपर व सहकाऱ्यांनी १९७३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची हौस असलेल्या बालवाडीच्या काही मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिले. पुढे मोकळ्या वेळी ही मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. खेळाची मजुरी झाली होती.

चित्रांवरून आठवले. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांनी वारली कला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कलेविषयी इंग्रजी-फ्रेंचमध्ये पुष्कळ लिहिले गेले, ते बहुतेक बाहेरच्यांनी. ज्याच्या घरच्या भिंतीवर सवाशिणी लग्नचौक लिहितात, पालघाट देवी मांडतात, त्या मुलाला तोच चौक इंग्रजीत समजावून सांगायला लावा. तो चुकेल, अडखळेल, शब्द विचारीत येईल. मास्तरांनी न सांगता शब्द विचारायला येणारे मूल आपल्या इंग्रजीच्या तासाला कधी दिसते काय?

यासाठी मोठी योजना नको. आठवड्यातला एक तास गुणांच्या हिशेबातून मोकळा करावा, वर्गात कुलूप नसलेले पुस्तकांचे कपाट ठेवावे, आणि मुलाच्या बोलीला त्या तासाला हसू नये. प्रशासनाला यात खर्च फारसा नाही. अडचण आहे ती शिक्षकांची: ज्यांनी स्वतः ती भाषा धाकानेच घोकली, त्यांनी ओढ कोठून आणावी? प्रशिक्षण वर्गांत त्यांना अध्यापनपद्धतीच्या टिपणांऐवजी आवडीचे एखादे इंग्रजी पुस्तक निवांत वाचू द्यावे. सुरुवात तेथून करावी लागेल.