पाच कोसांची ओळख

अवघ्या महाराष्ट्रात घटस्थापनेला बसलेली देवी दसऱ्याला उठते आणि सीमोल्लंघन आटोपून लोक आपापल्या उद्योगाला लागतात, तेव्हा आमच्या खामगावात मात्र उत्सवाची खरी लगबग नुकती कोठे सुरू झालेली असते. कारण येथील मोठी देवी, म्हणजेच जगदंबा, कोजागिरी पौर्णिमेला स्थानापन्न होते आणि तिच्या या उत्सवाला गाव म्हणते 'शांती उत्सव'. असुराचा वध झाला तरी देवीचा क्रोध निवला नव्हता, तो निवावा म्हणून ही आराधना, अशी त्यामागची श्रद्धा सांगतात. शत्रू पडल्यावरही क्रोध शिल्लक राहतो आणि त्याच्या शमनासाठी निराळे अनुष्ठान करावे लागते, हे ज्या कोणा पूर्वजाला उमगले, त्याला मनुष्यस्वभावाची जाण मोठी असली पाहिजे. आणि ही देवी बसते कोठे, तर जलालपुऱ्यात! शांतीची देवता जलालच्या पुऱ्यात नांदते, यात येथे कोणाला नवल वाटत नाही, इतकी ही गोष्ट आमच्या अंगवळणी पडलेली आहे.

परंतु याच गावाचा उल्लेख बंदोबस्ताच्या बातम्यांतून 'संवेदनशील' या विशेषणावाचून सहसा होत नाही. मानाच्या लाकडी गणपतीची मिरवणूक असो, देवीचे विसर्जन असो की ईद-ए-मिलादचा जुलूस असो, आठ दिवस आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. या बैठकांना मीही अनेक वर्षे हजर राहत आलो आहे, म्हणून जे लिहितो त्यात माझाही वाटा आहे असे समजावे. पुढच्या रांगेत पन्नाशी ओलांडलेली तीच मंडळी बसतात. गतवर्षी जे भाषण केले तेच थोड्या फरकाने पुन्हा करतात. गावाच्या परंपरेला गालबोट लागू नये अशी अपेक्षा व्यक्त होते, साहेब कायद्याची जाणीव करून देतात, चहा येतो आणि बैठक बरखास्त होते. ज्यांच्या हातून गालबोट लागायचे किंवा टळायचे, ती अठरा ते पंचविशीची पोरे त्या वेळी तेथे नसतात. ती चौकात दुचाकीला टेकून उभी असतात आणि त्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये बैठकीच्या कार्यवृत्तापेक्षा अधिक वेगाने धावणारा मजकूर येऊन पडत असतो.

अलीकडे या उणिवेवर एक उपाय निघाला आहे, त्याचे नाव सद्भावना फेरी. महाविद्यालयातली मुले-मुली, पुढे फलक, सर्व धर्मांची चिन्हे रंगवलेली चित्रे, मागे दोन-तीन प्राध्यापक आणि शेवटी पोलिसांची गाडी, असा तो थाट असतो. पुतळ्यापासून निघून कचेरीपर्यंत जायचे, निवेदन द्यायचे, छायाचित्र काढायचे, पांगायचे. मी या फेऱ्यांची टवाळी करणार नाही. ज्या काळात तरुणांना एकत्र आणणारे बहुतेक आवाहन कोणाच्या तरी विरुद्ध असते, त्या काळात कोणाच्याही विरुद्ध नसलेल्या कारणासाठी दोनशे मुले उन्हात उभी राहतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. माझी तक्रार एवढीच, की ही फेरी फार आखूड आहे. अर्ध्या मैलाच्या चालीत मनुष्य ज्याच्यासोबत आला त्याच्याच सोबत राहतो. घोषणा देताना संभाषण होत नाही. आणि दोन्ही बाजूंनी कोणी पाहत असले, म्हणजे चालणाऱ्याचे लक्ष सोबत्याकडे नसून प्रेक्षकांकडे असते.

चालण्यातून जे घडते ते साधारण दुसऱ्या कोसानंतर घडू लागते, असा माझा अनुभव आहे. येथून शेगाव पाच कोस. पंढरपुराहून परतणारी श्री गजानन महाराजांची पालखी खामगावात येते आणि तेथून शेगावपर्यंतच्या अखेरच्या वाटेवर तिच्यासोबत सारा मुलूख पायी निघतो; दुतर्फा चहा, केळी, फराळाची पाकिटे घेऊन लोक उभे असतात, आणि कोण कोणाला काय देत आहे याचा हिशेब त्या दिवशी कोणी ठेवत नाही. शाळकरी वयात मी प्रथम त्या वाटेने गेलो, तेव्हा माझ्यासोबत माझ्या वर्गातला एक पिंजाऱ्याचा मुलगा होता. तो का आला होता, हे मी त्याला विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही; सगळे निघाले म्हणून तो निघाला असावा. खामगाव हे कापसाचे गाव. आगगाडीचा जलंबपासूनचा आठ मैलांचा फाटा १८७० साली येथवर आला तो मुख्यतः कापसाच्या गाठींसाठी. आणि ज्या गावात कापूस, त्या गावात गादी-रजईसाठी तो पिंजणारा आलाच. अर्धी वाट सरली नसेल तोच माझ्या नव्या चपलेने टाच सोलली आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. तो मागे वळून आला, म्हणाला, "काहून बसला बे? थांब, माह्याजोळ कापूस हाय." खिशात हात घालून त्याने पिंजलेल्या कापसाचा बोळा काढला, बोटांनी चपटा केला आणि चपलेच्या पट्ट्याखाली असा बसवून दिला, की जणू हे काम तो रोज करीत होता. त्याच्या बापाच्या धुनकीची तार आमच्या गल्लीत वाजे, तो आवाज मी लहानपणापासून ऐकत होतो. परंतु त्या घरातल्या मुलाच्या खिशात नेहमी कापूस असतो, ही माहिती मला मिळाली ती घरापासून दोन कोसांवर.

विनोबांना हे नेमके कळले होते. १९५१ साली पोचमपल्लीला भूदानाचा उगम झाल्यानंतर तेरा-चौदा वर्षे हा मनुष्य पायीच चालत राहिला. १९६२ साली सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनपर्यंत पायी जाण्याचा संकल्प घेऊन विनोबांकडे आले, तेव्हा त्यांनी या दोघांना आशीर्वादासोबत एक विलक्षण अट घातली: जवळ पैसा बाळगायचा नाही. वरवर पाहता हा वैराग्याचा उपदेश वाटतो. वस्तुतः तो शुद्ध व्यवहार होता. पैसा असला म्हणजे वाटसरू खानावळीत जेवतो आणि धर्मशाळेत निजतो; पैसा नसला म्हणजे त्याला दार ठोठवावे लागते, आणि दार उघडले की बोलावे लागते. हे दोघे पाकिस्तानच्या सरहद्दीशी पोहोचले, तेव्हा निरोप द्यायला आलेल्या स्नेह्यांनी, शत्रूच्या मुलखात निघालात, निदान काही शिदोरी तरी न्या, असा आग्रह धरला. सतीशकुमारांनी ती घेतली नाही. ती अन्नाची नव्हे, अविश्वासाची गाठोडी आहेत, असा त्यांचा भाव होता. आणि पलीकडे पाऊल टाकताच एका अनोळखी पाकिस्तानी गृहस्थाने त्यांना घरी चलण्याचे आमंत्रण दिले. सतीशकुमार ही हकीकत पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आमच्या फेऱ्यांत वाटल्या जाणाऱ्या पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे पाहिले, की मला ती नाकारलेली शिदोरी आठवते.

गांधीजींची नोआखालीची पदयात्रा सर्वांना ठाऊक आहे. १९४७ च्या प्रारंभी, जेमतेम दोन महिन्यांत, ४७ गावे, बहुतांश अनवाणी. पण ती एका सत्तर वर्षे ओलांडलेल्या महात्म्याची यात्रा होती आणि तिच्यापुढे आपण केवळ नतमस्तक होऊ शकतो. तरुणांच्या दृष्टीने मला बाबा आमट्यांचे 'भारत जोडो' अभियान अधिक उपयोगाचे वाटते. १९८५ च्या डिसेंबरात, इंदिराजींची हत्या आणि त्यामागून झालेले शिखांचे हत्याकांड ताजे असताना आणि पंजाब धुमसत असताना, शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. बाबा एकाहत्तर वर्षांचे होते. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसणेही शक्य नव्हते, म्हणून ते गाडीत आडवे पडून सोबत गेले. म्हणजे नेत्याला आडवे पडावे लागले आणि तरुणांना पॅडल मारावे लागले, ही वाटणी मला मोठी अर्थपूर्ण वाटते. आमच्याकडे बहुधा याच्या उलट घडते.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. अशा यात्रांना जी मुले येतात ती मुळातच सालस असतात. दगड उचलणारा हात तेथे येतच नाही. मग साधले काय? याचे उत्तर शोधायला भिवंडीला जावे लागते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या यंत्रमागांच्या शहरात सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी १९८८ साली आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. समितीत केवळ प्रतिष्ठित न घेता गल्लीतली सामान्य माणसे घेतली, आणि त्यांची व बीटवरच्या शिपायाची वरचेवर गाठ पडेल अशी व्यवस्था लावली. पुढे १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेथे सगळे एका रात्रीत संत झाले नव्हते. अफवा आली असता ती खरी की खोटी हे ज्याला विचारता येईल असा पलीकडचा माणूस त्यांना ठाऊक होता, एवढेच. अफवेला ओळखीचे वावडे असते. म्हणून सालस मुले आली तरी माझी हरकत नाही. रात्री बारा वाजता फोन उचलणारा सालस मुलगा दोन्ही मोहल्ल्यांत असणे, ही गावाची मोठी ठेव आहे. तथापि निवड करणारा मी असतो, तर गणेश मंडळांच्या ढोल-पथकांतली आणि जुलूसात पुढे झेंडा धरणारी पोरेच आधी बोलावली असती, कारण मिरवणूक कोठे थांबवायची आणि कोठून पुढे काढायची, हे शेवटी त्यांच्या हातात असते.

ओळख प्रत्येक वेळी वाचवतेच, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा होईल. अहमदाबादेतल्या मराठी घरातले वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी, एक चाळिशीचा, दुसरा सत्ताविशीही न गाठलेला, दोघेही काँग्रेस सेवादलाचे कार्यकर्ते, १ जुलै १९४६ रोजी, रथयात्रेच्या दिवशी, पेटलेल्या शहरात जमावाला आवरायला गेले आणि दोघेही मारले गेले. गुजरातेत आजही वसंत-रजब ही दोन नावे जोडूनच उच्चारली जातात. महाराष्ट्रात वसंतराव किती जणांना माहीत आहेत? आपल्या पाठ्यपुस्तकांना आणि आपल्या चौकांनाही हा मराठी माणूस अनोळखीच राहिला, याचे वैषम्य वाटते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. या जिल्ह्याला दोन वाटा मुळातच पायाखालच्या आहेत. एक शेगावची. दुसरी चिखलीकडच्या पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्याची, जेथे होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत हिंदू किती आणि मुसलमान किती, हे कोणी मोजत नाही. पीर मुसलमान आणि पुढे पेटते ती नारळांची होळी, यातच तिचे सारे सांगून झाले. गावातल्या चाळीस-पन्नास तरुणांनी वर्षातून एकदा ही वाट आणि एकदा ती वाट सोबत चालावी. मुलींनाही घ्यावे, बाबा आमट्यांच्या अभियानात त्या होत्या, मग खामगावच्या का नसाव्यात? कोणी कोणाच्या दैवतापुढे हात जोडावेत असा आग्रह नको. ज्याला आत जायचे नाही त्याने बाहेर ओट्यावर बसून सर्वांच्या चपला राखाव्यात, तीही सेवाच. पालखीच्या दिवशी गर्दीत निघू नये, एरवीचा कोणताही रविवार चालेल. फलक नको, पुरस्कर्त्याच्या नावाच्या टोप्या नकोत, आणि पांढऱ्या मोटारीतून येऊन हिरवी झेंडी दाखवणारे तर मुळीच नकोत. पोलिसांना वर्दी रीतसर द्यावी, परंतु गाडी मागून येऊ देऊ नये. गाडी मागे असली की चालणाऱ्यांना आपण वरात आहोत की गुन्हेगार, तेच कळेनासे होते. शेगावला पहाटे चारला निघाले की ऊन चढण्यापूर्वी पोहोचता येते. सैलानीची वाट दोन-तीन मुक्कामांची; तेथे शाळेच्या व्हरांड्यात निजावे, भाकरी गावात मागावी, आणि मागायला जाताना जोडी अशी करावी, की मोहल्ल्यात हिंदू पोराने बोलावे आणि वाड्यावर मुसलमान पोराने.

पहिल्या खेपेला वीस जण आले तरी निघावे. नव्या चपला घालून कोणी येऊ नये, असे आधी बजावून ठेवावे. तरीही दोघे-तिघे घालून येतीलच. कापसाची चिंता नको, तो या गावात अजून मिळतो.