चेरीचं झाड आणि ओना जज

मागच्या हिवाळ्यात मी भाचीसाठी फ्लॅशकार्डांचं एक ॲप लिहिलं. विषय, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. फोटो, नाव, क्रमांक, सालं. ताई, म्हणजे माझी मावसबहीण, डॅलसजवळ राहते आणि लेकीला शाळेत न घालता घरीच शिकवते. भाची अकरा वर्षांची. शनिवारचा इतिहास मामाकडे. ॲप लिहिताना मी अडलो तो ग्रोव्हर क्लीव्हलंडपाशी. गडी २२वाही आणि २४वाही. डेटाबेसमध्ये मी नाव एकदाच येणार असं धरलेलं, त्याने दुसरी नोंद घ्यायला साफ नकार दिला. ट्रम्पचंही तेच, ४५ आणि ४७. क्रमांक ४७, माणसं ४५. त्या वेळी मला वाटलं, या विषयातली अवघड गोष्ट एवढीच.

तीन आठवड्यांत पोरीने अख्खी यादी तोंडपाठ केली. पुण्याच्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर धडाधडा म्हणून दाखवली. टाळ्या वाजल्या आणि मला माझी शाळा आठवली. पेशव्यांच्या सनावळ्या मीही अशाच म्हटल्या होत्या आणि परीक्षेनंतर अशाच विसरलो होतो.

शाळेचं एक वेळ समजू शकतो. तिथे बोर्ड असतं, पुस्तक ठरलेलं असतं, वर्गात तीस पोरं असतात. पण घरशाळेला कसली अडचण? टेक्सासचा कायदा घरी शिकवणाऱ्यांकडून पाचच गोष्टी मागतो: वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. तपासायला कोणी येत नाही. एवढी मोकळीक मिळूनही आपण काय शिकवतो, तर वॉशिंग्टन आणि चेरीचं झाड!

झाड तोडलं, बापाला खरं सांगितलं. ही गोष्ट मेसन वीम्स नावाच्या एका पाद्री-पुस्तकविक्याने वॉशिंग्टन वारल्यावर त्याच्या चरित्रात घातली, तीसुद्धा १८०६च्या आवृत्तीत. खोटं बोलू नये हे शिकवायला रचलेली गोष्ट. आणि ती आपण अजून विकत घेतोय.

खरी गोष्ट घ्या. १७४३ साली वॉशिंग्टनचे वडील वारले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. वारशात त्याला दहा माणसं मिळाली. हो, माणसं. समोर अकरा वर्षांचीच मुलगी बसलेली असताना याहून चांगला धडा कुठून आणायचा?

पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि राजधानी फिलाडेल्फियाला आली. पेन्सिल्व्हेनियाचा १७८०चा कायदा असा, की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर तो स्वातंत्र्य मागू शकतो. वॉशिंग्टनने काय करावं? सहा महिने भरायच्या आत आपल्या माणसांना राज्याबाहेर हलवायचं, मग परत आणायचं. नागरिकशास्त्र शिकवताना कायद्यातली ही पळवाट दाखवायची नाही, तर काय दाखवायचं? त्याच घरात ओना जज होती, मार्था वॉशिंग्टनची दासी, विशीतली. मार्थाच्या नातीला लग्नाची भेट म्हणून आपल्याला देणार आहेत, हे तिला कळलं. मे १७९६मध्ये मालक-मालकीण जेवायला बसले असताना ती निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. पकडून देणाऱ्याला दहा डॉलरचं इनाम असल्याची जाहिरात निघाली. वॉशिंग्टनने माणसं पाठवली, ती परतली नाही. १८४८ साली वारली, तेव्हाही कायद्याने ती पळालेली गुलामच होती.

हे मी भाचीला सांगितलं. संध्याकाळी ताईचा फोन. "इतक्या लहान वयात कशाला रे? आणि आपण इथे पाहुणे. दुसऱ्याच्या घरातलं वाकडं आपण कशाला काढायचं?"

ताई, पाहुणा मी आहे. माझ्या व्हिसावर तारीख आहे. तुझी लेक इथे जन्मली, उद्या इथे मत देणार. तिला पाहुणी कोणी केलं? आणि हा विषय आपला नाही म्हणतेस, तर १८७३ साली पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केलं? गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. ते पुस्तक तुझ्या दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी आहे. आपण पुस्तक कपाटात ठेवतो आणि पोरीला चेरीचं झाड देतो.

याची उलटी टोळीही मला चालत नाही. सगळे राष्ट्राध्यक्ष बदमाष, विषय संपला, असं म्हणणारे पाठांतरच करत असतात, फक्त यादी वेगळी. वॉशिंग्टनने १७८३मध्ये जिंकलेल्या सैन्याचं सेनापतिपद सोडलं. दोन मुदतींनंतर तिसऱ्यांदा उभा राहिला नाही. मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांच्या सुटकेची तरतूद केली. ओना त्यात बसत नव्हती, कारण ती मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली. सत्ता सोडणारा आणि ओनामागे माणसं पाठवणारा हात एकच. अकरा वर्षांच्या मुलीला हे पेलतं. तिने मला विचारलं, "मग ते चांगले होते की वाईट?" मी म्हटलं, तूच लिही. तिने दीड पान लिहिलं. उत्तर नाही दिलं, तीन प्रश्न विचारले. त्यातला एक त्या दहा जणांच्या नावांबद्दल होता.

गेल्या आठवड्यात मी ॲपमध्ये ओना जजचं कार्ड टाकलं. सेव्ह होईना. क्रमांकाचा रकाना सक्तीचा होता, तो काढला. ताईने अजून अपडेट घेतलेलं नाही.