शब्दचिंतन : हाताचे ऋण

लॅटिन व इटालियन भाषांत लेखनिकाला ‘स्क्रीबा’ म्हणतात. हा शब्द ज्या धातूपासून झाला त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. आपल्या ‘लिहिणे’ या शब्दामागील संस्कृत ‘लिख्’ धातूचा अर्थही तोच. आज लेखक म्हणजे ग्रंथकर्ता. पूर्वी पोथी उतरवून काढणाऱ्यासही लेखकच म्हणत.

ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरचे श्री मल्लिनाथ क्षेत्र असो वा अन्य दिगंबर मंदिर, श्रावकांना ही तिथी शास्त्रपूजनाची. पुष्पदंत व भूतबली आचार्यांनी षट्खंडागम ग्रंथबद्ध केल्याचे हे स्मरण. त्यावर वीरसेनाचार्यांनी धवला टीका रचली. परंतु हे ज्ञान आपल्यापर्यंत आणणारे हात कोणाचे?

धवलेची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके केवळ दर्शनापुरती उरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या प्रयत्नाने तेथे नकला करण्याचे काम सुरू झाले. ते सुमारे २६ वर्षे चालले. मिरजेचे गजपतीशास्त्री हे त्यांतील एक प्रमुख लेखनिक. नकला मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत, असा तेथील आग्रह होता. तरीही शास्त्रीजींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक प्रत केली. सोलापूरच्या शेठजींनी नीतीचा विचार करून ती नाकारली. सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी मात्र स्वीकारली. तेथे सीताराम शास्त्रींच्या हातून नागरी प्रत झाली आणि तिच्यावरून इतर प्रती पसरल्या. त्यांपैकी एक हिंगोलीशेजारच्या वाशिम जिल्ह्यातील कारंज्यास आली. अशा प्रतींच्या आधारे अमरावतीचे प्राध्यापक हीरालाल जैन यांनी १९३९ साली धवलेचा पहिला खंड प्रकाशित केला.

शास्त्रीजींनी विश्वास मोडला की श्रुत राखले? नकार देणारे शेठजीही श्रुतभक्तच होते. म्हणून याचे उत्तर सोपे नाही. एवढे मात्र खरे, की धवला छापून स्वाध्यायींच्या हाती आली ती त्या प्रतीवरून पसरलेल्या प्रतींच्या आधारे.

जुन्या हस्तलिखिताच्या अखेरच्या पानावर पुष्पिका असते. तीत पुष्कळदा लेखनिकाचे नाव, गाव व तिथी आढळते. घरातील जीर्ण पोथी नदीत विसर्जित करण्यापूर्वी ते पान अवश्य वाचावे. कोणा एका हाताचे ऋण तेथे आपल्या नावावर लिहिलेले असेल, आणि ते अद्याप फिटलेले नसेल.